बटण लावून मिळेल

मुलांच्या बाजारात दहा वर्षांच्या चिमीने ‘बटण लावून मिळेल’ अशी पाटी लावली. शेजारी सरबतवाल्या पोरांकडे झुंबड, हिच्याकडे दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. सकाळी बाबा हसलेच होते, “अगं, बटण लावायला बाजारात कोण येतंय?” तरी सुईत दोरा ओवून ती बसून राहिली.

तीनच्या सुमाराला बाबाच आले. “वाटेत शर्टाचं बटण तुटलं बघ,” असं म्हणत त्यांनी ते तिच्या हातावर ठेवलं.

चिमीने शर्टाला पडलेली बारीकशी चीर निरखली. आधी ती शिवली, मग बटण पक्कं लावलं. दोरा दातांनी तोडून ती हळूच म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी ओढून तोडू नका. कात्रीने कापा, म्हणजे कापड फाटत नाही.”