टाकी फुल्ल

लाइट गेली आणि म्हाताऱ्या सोजराबाईंचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं. दवाखान्याचा जनरेटर सुरू होईना, म्हणून करुणा सिस्टर मागं पळाल्या. टाकी कोरडी होती. डिझेल किती आहे ते पुण्याच्या ऑफिसला कळवणारा सेन्सर बाजूच्या भरलेल्या कॅनमध्ये सोडलेला होता.

सिस्टरनी कॅनला हात घातला, तसा जनरेटरचा ऑपरेटर शिवशंकर आपल्या ट्रॅक्टरवरून उतरून आडवा आला.

"ते नका काढू. पुण्याला टाकी फुल्ल दिसून राहिली."

"सरक," म्हणत त्यांनी सेन्सर उपसून फेकला आणि कॅन टाकीत ओतला. जनरेटर लागला, ऑक्सिजनचं मशीन सुरू झालं.

लगेच पुण्याच्या ऑफिसमधून शिवशंकरला फोन आला. "अरे, डिझेल एकदम संपलेलं दिसतंय. चोरी झाली का?"

"हो साहेब, माझ्या डोळ्यांदेखत," तो म्हणाला. "करुणा सिस्टर. नाव लिहून घ्या."