निरांजनाची शर्यत

भालचंद्ररावांनी सोसायटीच्या फाटकात निरांजन पेटवलं आणि तेवढ्यात सुहासिनीची सायकल कोपऱ्यावर दिसली. साठीची बायको साताऱ्याहून महाबळेश्वर, पुढं आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, आणि तोच घाट चढून एका दिवसात परत! सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. स्वतः ते गुडघा दुखतो या सबबीवर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा स्कूटरनं जात.

आता ती उतरेल म्हणून त्यांनी ताट पुढं केलं, तर ती त्यांना वळसा घालून आत शिरली आणि इमारतीमागं दिसेनाशी झाली. फेरी मारून आली, तरी थांबेना.

"अगं, ब्रेक गेले का?" ज्योतीला हाताचा आडोसा धरून ते ताटासकट तिच्यामागं धावत सुटले. गॅलऱ्यांमधून शेजारी टाळ्या वाजवू लागले.

"ब्रेक ठणठणीत आहेत!" ती ओरडली. "दोनशे किलोमीटरला जरासंच कमी पडतंय. अर्धवट आकडा घेऊन मी घरात येणार नाही!"

आणखी एक फेरी झाली, हँडलवरच्या मीटरवर दोनशे उमटले, तेव्हा कुठं ती उतरली. भालचंद्ररावांनी धापा टाकत तिला ओवाळलं. वात अजून जळत होती.

हसू दाबत सुहासिनीनं त्यांच्या पायांकडं पाहिलं.

"अहो, गुडघा काय म्हणतोय?"

भालचंद्रराव घाईघाईनं लंगडायला गेले. पण दुखरा पाय कुठला, तेच त्यांना आठवेना.