गेरू पुसलेली बैठक

वरसे गावचा मंगळ्या नदीकाठासाठी ऐनाच्या ओंडक्यातून बाक कोरत होता. बैठकीला तो ओला गेरू फासायचा, बायकोला, सोनीला बसवायचा, आणि जिथला गेरू पुसला जाई तिथेच लाकूड तासायचं वाकस चालवायचा. गेरू सगळीकडून सारखा पुसला गेला, की बैठक अंगाला बसली.

त्याच बाकावरची शेजारची छोटी बैठक त्याने दोन वर्षांपूर्वी लेकीला, मैनाला बसवून कोरली होती. तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली, आणि बाक तसाच पडून राहिला. आता उद्या तो न्यायला टेम्पो येणार होता.

आज हाताच्या सवयीने त्याने छोट्या बैठकीलाही गेरू फासला. दोघं जेवून आली, तर तिच्या दोन्ही कडांचा गेरू पुसलेला होता.

"मांजर बसलं आसंल गो," तो म्हणाला.

त्याने कडा बोटभर बाहेर कोरल्या आणि पुन्हा गेरू फासला. चहा घेऊन येईपर्यंत परत कडाच पुसल्या होत्या.

सोनीने पुसलेल्या कडांवरून बोट फिरवलं. "घट्ट होतंय तिला," ती म्हणाली. "आठ वर्षांची नाय का झाली आता? टेम्पोवाल्याला सांग, बाक द्यायचा नाय."

मंगळ्याने आणखी एक बोट कोरलं. या वेळी गेरू सगळीकडून सारखा पुसला गेला.

मग त्याने कडेला उरलेल्या लाकडावर बोटं ठेवली. चारच मावली; वर्षाला एक बोट.