जाहीर माफी

"नुसतं सॉरी चालणार नाही," माझ्या रॅपवर भडकलेले नगरसेवक भाऊ म्हणाले. "जिथं जिथं माझी बदनामी केलीस, ती ओळ वाचायची आणि माफी मागायची. चौकात, माईकवर. नाहीतर पोलीस केस."

माईक त्यांचाच, स्टेजही त्यांचंच. एवढे मोठे स्पीकर मला जन्मात परवडले नसते. आजवर माझं रॅप गल्लीतली चार टाळकी मोबाईलवर ऐकायची. आज टँकरची वाट बघत अख्खा वॉर्ड रिकामे हंडे घेऊन समोर होता.

मी गरीब चेहरा करून सुरुवात केली. "'टाकी बांधली, फीत कापली, पाण्याची लाईन कुणी ढापली?' या ओळीबद्दल मी माफी मागते."

कुणीतरी हंड्यावर थाप मारली.

"'बॅनरवर भाऊ, चौकात भाऊ, नळाला हवा, कशानं धुऊ?' याबद्दलही माफी मागते."

आता सगळेच हंडे वाजायला लागले. भाऊंनी माईककडे धाव घेतली. "बास, बास! माफ केलं!"

शेजारच्या शेवंतामावशी कमरेवर हात ठेवून पुढं आल्या. "भाऊ, तुम्ही केलं असेल. आम्ही अजून केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पोरी, पहिल्यापासून माफी माग!"