चष्मिसची पसंती

“हेच पेपरबॅकमध्ये नाही का?” बायकोसोबत दुकानात आलेल्या नवऱ्यानं आजही विचारलं.

“बघते,” असं म्हणूनही चष्मिस जागची हलली नाही.

चष्मिस हे तिचं शाळेपासूनचं नाव. पुस्तकांच्या दुकानात नोकरीला लागली तरी ते काही सुटलं नाही. दाराजवळच्या ‘आमची पसंती’ या फळीवर दुकानातला जो तो आपल्या आवडीचं पुस्तक मांडी आणि ते का वाचावं हे एका कार्डावर दोन ओळींत लिही. पुस्तक विकलं गेलं की कार्डही त्यासोबत जाई. चष्मिसच्या पसंतीला गिऱ्हाईक जास्त. दर शनिवारी येणारं हे जोडपं तर तिनं सुचवलेलंच पुस्तक नेई.

म्हणजे बायको नेई. नवरा आडवा येई.

“कमी पानांचं काहीतरी द्या,” तो म्हणे. “आणि भांडणं, मारामाऱ्या नकोत त्यात. उगाच डोक्यात काहीतरी भरतं.”

“तुम्ही वाचणार आहात का?” चष्मिसनं एकदा विचारलंच.

“नाही. ती.”

सगळं बोलणार हा, आणि तिच्यावरची नजर हलणार नाही तीही याचीच. बायकोनं पुस्तक हातात घेतलं की अलगद काढून घेणार, पिशवीत घालणार, पिशवी आपल्याच खांद्याला अडकवणार. भर उकाड्यात शर्टाच्या लांब बाह्यांची मनगटाशी बटणं लावलेली. मोठा आला साहेब! ती मात्र गरीब गाय. “तुम्हीच सांगा ताई, मला काय कळतंय त्यातलं,” एवढंच बोलायची, तेही हसून.

वाचून झालेलं पुस्तक आणून दिलं तर दुकान ते अर्ध्या किमतीत परत घेई. या जोडप्याची पुस्तकं यायची ती कोपरे चेपलेली, शिवण उसवलेली. मालक कपाळावर हात मारून घेत.

“ही बाई पुस्तक वाचते की त्यानं कपडे धोपटते?”

चष्मिसला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. गादीखाली लपवून, चोरून वाचावं लागत असेल बिचारीला.

आज बायकोनं फळीवरची सगळ्यात जाड कादंबरी उचलली होती. कडक पुठ्ठ्याची, विटेएवढी जड. ती छातीशी धरली तेव्हा चष्मिसला दिसलं, तिच्या उजव्या हाताला क्रेप बँडेज होतं.

“अगंबाई, काय झालं हो?”

“लचकला,” नवराच घाईघाईनं म्हणाला. “घरात काम करताना.”

बायकोनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

चष्मिसची धाकटी बहीण ‘पायरीवरून पडले’ म्हणायची. घरादारानं ते खरं मानलं, चष्मिसनंही. आता ती बहीण नाही. या खेपेला गप्प बसणं चष्मिसला जमणारच नव्हतं.

“द्या इकडे, कार्ड घालून देते,” ती म्हणाली. पाठमोरी होऊन तिनं कार्डाच्या मागे भराभरा लिहिलं: ‘मार सहन करू नका. या नंबरवर फोन करा. राहायची सोय होते, कुणी काही विचारत नाही.’ खाली नंबर. कार्ड तिनं शेवटच्या पानांत खोल सरकवलं.

“आणि पेपरबॅक संपलं,” ती नवऱ्याला म्हणाली. मागच्या फळीवर त्याच कादंबरीच्या पेपरबॅकचा गठ्ठा पडून होता. “हेच न्या. हातात घेतल्यावर काहीतरी घेतल्यासारखं वाटतं.”

“पण ताई, जरा बघता का...”

“त्यांना आवडलंय ना? मग झालं तर!”

बायको पहिल्यांदाच तोंडभरून हसली. या वेळी पुस्तक तिनं त्याच्या हातात दिलंच नाही.

आठवडाभर चष्मिसला चैन पडलं नाही. कार्ड त्याच्या हाती लागलं तर? आगीत तेल तर नाही ना ओतलं आपण? शेवटी न राहवून तिनं मालकांना सांगितलं.

“अगं, नसती उठाठेव कशाला करतेस लोकांच्या घरात?” ते म्हणाले.

“बहिणीच्या वेळी नाही केली, काका.”



शनिवारी नवरा एकटाच आला. टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. त्यानं चष्मिससमोर कार्ड ठेवलं. उलटं, नंबर वर.

“हे तुम्ही लिहिलंत?”

चष्मिस मागे हटली नाही. “हो, मीच. कुठे आहे ती? तिच्या केसाला जरी धक्का लागला असेल ना, तर गाठ माझ्याशी आहे, सांगून ठेवते!”

“हळू बोला ना, ताई.” त्यानं वळून दाराकडे पाहिलं. “समोर औषधं घ्यायला गेलीय. येईलच इतक्यात.”

त्यानं पिशवीतून जाड कादंबरी काढून ठेवली. तिचा एक कोपरा पार आत चेपला होता आणि त्यावर तपकिरी डाग वाळला होता. मग त्यानं टोपी काढली. भुवईच्या वर टाके होते, अजून ओले.

“या नंबरवर,” त्यानं कार्डावर बोट ठेवलं, “पुरुषांना ठेवून घेतात का?”

दाराची घंटी वाजली. त्यानं झटकन टोपी चढवली, कार्ड खिशात कोंबलं आणि मोठ्यानं विचारलं, “आज तरी पेपरबॅकमध्ये काही आहे का, ताई?”