दुसरा स्क्रीन

गेल्या वर्षी वारलेल्या भावाचं, गजेंद्रचं, ग्राफिक्स कार्ड प्रणालीने आपल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. अकोल्यातली भर दुपार होती, कूलर घरघरत होता.

चित्र नीट आलं. पण सेटिंगमध्ये दोन स्क्रीन जोडलेले दिसत होते. टेबलावर एकच होता, कार्डाला वायरही एकच.

तिने कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पार काढून पुन्हा टाकलं, तीनदा. तरी दोनच. माउस उजवीकडे नेला की बाण कडेबाहेर निघून जायचा. उजवीकडे भिंत होती, भिंतीपलीकडे गजेंद्रची खोली. ती दिवाळीतच रिकामी केली होती.

कोणता स्क्रीन कुठे आहे ते कळावं म्हणून तिने 'ओळखा' दाबलं. समोरच्या स्क्रीनवर त्याचा क्रमांक, मोठा १, उमटला.

पलीकडच्या खोलीत झाडू मारणारी आई थांबली.

"प्रणाली, इथं भिंतीवर दोनचा आकडा कावून आला वं?"

प्रणालीने बाण उजवीकडे कडेबाहेर नेला, माउस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"गेला आकडा," आई म्हणाली. "आता पांढरा बाण आला."

कूलर घरघरत राहिला.

"दाराकडे सरकून राहिला तो."