सुईवर फुंकर

केशोरावानं बाही वर केली, डोक्यावरचा दुपट्टा मात्र डोळ्यांपर्यंत तसाच ठेवला. गोंदियाच्या दवाखान्यात कुणी ओळखलं असतं तर धंदा बसलाच होता. चोरखमारा गावाच्या आसपास कावीळ उतरवावी ती केशोरावानंच. रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यानं धुवायचे. पाणी पिवळं झालं की रोग गेला. पाणी दर वेळी पिवळं होई. एकदा चुकून धडधाकट पोस्टमनचे हात धुतले, तेव्हाही झालं.

"तुमचं यकृत आधीच अधू," डॉक्टर म्हणाले होते, "त्यात सारे कावीळवाले तुमच्याच ओसरीवर. लस कावीळ व्हायच्या आधी घ्यायची असते. तुम्ही नाही तर कोण घेणार?"

सिस्टर दामिनीनं सुई टोचली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "महाराज? तुमी?"

बकाराम! गावचा चालताबोलता भोंगा.

केशोरावानं दुपट्टा आणखी खाली ओढला. "बोंबलू नको बे. सुईवर मंत्र टाकून राहिलो."

"अन् दंडावर कापूस काऊन?"

"मंत्र लागला का नाई, पाहा लागते नं. पयले सोतावर पाहिलं."

बकारामानं हात जोडले. दामिनीनं हसू दाबलं. रविवारी तिचं काविळीच्या लसीचं शिबिर केशोरावाच्याच गावात होतं. मागच्या खेपेस एकही पोरगं आलं नव्हतं. 'सुईनं काय होते?' असं गावाला केशोरावानंच सांगितलं होतं.

"मंग रविवारी येता नं महाराज, मंत्र टाकाले?" ती गोड आवाजात म्हणाली. मग हळूच त्याच्या कानाशी, "का मीच सांगू बकारामभाऊले, तुमी इथं कायले आले ते?"

रविवारी शाळेपुढं ही रांग! केशोराव खुर्चीत बसून प्रत्येक सुईवर फुंकर मारत होता. फुंकर दुरून मारायची, असं दामिनीनं बजावलं होतं; म्हणून खुर्ची कडुनिंबाखाली, सुई व्हरांड्यात. सुलोचनाबाईनं नातवासोबत बकरीही आणली. नातवाला लस मिळाली, बकरीला नुसती फुंकर.

त्या पावसाळ्यात गावातल्या एकाही पोराला कावीळ झाली नाही. केशोरावाचं नाव पार दरेकशापर्यंत गाजलं. ओसरीवर मात्र कुणी फिरकेना.

चुन्याचा डबा आता सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायच्या कामी येतो.